शेवटच्या भागावर माझं भाषण

आधी कबुली देऊन टाकते, म्हणजे पुढचं मोकळेपणानं सांगता येईल. चौदा महिने चाललेल्या एका फिलिपिनो मालिकेच्या शेवटच्या भागावर मी माझं स्वतःचं भाषण टेप केलं. शेवटचा भाग पुसला गेला आणि त्याच्या जागी पांढऱ्या साडीतली मी आले. वर ती कॅसेट मीच, सोबत चिवड्याचा डबा घेऊन, तो भाग बघायला जमलेल्या आठ फिलिपिनो बायकांसमोर नेऊन लावली.

मुद्दाम केलं असतं तर त्याला धाडस तरी म्हणता आलं असतं. पण ते निव्वळ हुशारीतून झालं, आणि ती हुशारी माझी.

ही २००४ सालची गोष्ट. तेव्हा मी पंचेचाळीस वर्षांची होते आणि आपल्याला सगळं समजतं असा माझा समज होता. आता तो समज माझ्या नातीकडे गेलाय. आम्ही मूळचे नागपूरचे. सन दोन हजार उजाडलं की सगळे कम्प्यूटर बंद पडतील, या भीतीनं अमेरिकेनं जुन्या प्रोग्रामिंगची माणसं गोळा केली, त्यात माझे मिस्टर पिस्कॅटवे नावाच्या गावाला आले. कम्प्यूटर काही बंद पडले नाहीत आणि आम्ही इथेच राहिलो. मी नागपुरात पंधरा वर्षं नर्स होते. इथली परीक्षा दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा पास झाले (घरी ‘दुसऱ्यांदा’ असं सांगितलं होतं) आणि जवळच्याच एका नर्सिंग होममध्ये दिवसपाळीला लागले.

तिथल्या बहुतेक नर्सेस फिलिपिन्सच्या. त्यांचं एक गोल टेबल होतं. जेवणाच्या सुट्टीत त्या आठजणी तिथे बसायच्या, भात-मासे वाटून खायच्या आणि एकदम सगळ्या बोलायच्या. मी कोपऱ्यातल्या टेबलावर माझा डबा घेऊन एकटी. ‘मला शांतता आवडते’, असं मी घरी सांगायचे. खरं म्हणजे मला कुणी बोलावलं नव्हतं.

आम्हाला एकत्र आणलं ते सुक्या माशांनी. एके दिवशी मायक्रोवेव्हवर चिठ्ठी लागली: यात मासे गरम करू नयेत. त्यांच्यातल्या सर्वांत थोरल्या नर्सनं ती चिठ्ठी वाचली, हातातल्या सुक्या माशाच्या डब्याकडे बघितलं आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाली. शब्द कळला नाही, अर्थ पूर्ण कळला. दुसऱ्या दिवशी मी बोंबलाची चटणी घेऊन गेले. गरम करावी लागत नाही. डबा त्यांच्या टेबलावर ठेवला, झाकण उघडलं, आणि परत माझ्या कोपऱ्यात जाऊन बसले. मिनिटभरानं त्या थोरलीनं हाक मारली, “ए इंडिया! खुर्ची घेऊन ये.”

तिला सगळ्याजणी ‘आते’ म्हणायच्या. आपल्याकडे आते म्हणजे बापाची बहीण, त्यांच्याकडे थोरली बहीण. मीही आतेच म्हणू लागले. आमचं बोलणं इंग्रजीत, त्यांचं त्यांच्या चालीचं, माझं माझ्या. इथे मी सगळं मराठीतच सांगते. शिवाय माझं इंग्रजी त्यामुळे बरंच सुधारतं.

खुर्ची मिळाली, पण टेबलावर विषय एकच: मालिका. त्यांच्यातल्या एकीचं स्वतःचं घर होतं आणि छतावर डिश होती. तिच्याकडे फिलिपिनो चॅनल यायचं. बाकीच्यांच्या अपार्टमेंटना कुठे झाडं आडवी, कुठे मालकाची मनाई. मग ही डिशवाली आठवड्याचे पाचही भाग टायमर लावून टेप करायची आणि ती कॅसेट फिरायची. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला यादी होती: कोणाचा नंबर कितवा. कॅसेट दोन दिवस ठेवायची, रिवाइंड करून द्यायची, पुढच्या बाईला गोष्ट सांगायची नाही. आणि सर्वांत कडक नियम फोनचा. मनिलात हे भाग महिनाभर आधी दाखवायचे, त्यामुळे घरच्यांशी फोनवर बोलताना मालिकेचं नावही काढायचं नाही. एकीच्या नवऱ्यानं एकदा चुकून फोनवरचं ऐकलेलं सांगितलं, तर तिला तीन आठवडे यादीतून काढली होती. नवऱ्याला घरातून काढलं नाही एवढंच.

मी म्हटलं, मलाही कॅसेट हवी.

“तुला भाषा कुठे येते?” आते म्हणाली.

“मी कोमातल्या पेशंटशी बोलते,” मी म्हटलं. “मला भाषा लागत नाही.”

तेव्हा असली वाक्यं मी फार टाकायचे. पण यादीत शेवटच्या ओळीत ‘इंडिया’ असं लिहिलं गेलं आणि मी अडकले.

काय होतं हो त्या मालिकेत? माझे मिस्टर हेच विचारायचे, पेपरच्या आडून. एक लाँड्रीत इस्त्री करणारी बाई. तिची तान्ही मुलगी श्रीमंत सासूनं पळवलेली आणि तिला सांगितलेलं, मूल गेलं. मुलगी वाढते सासूच्या बंगल्यात, एका आयाच्या कडेवर. मोठ्या झालेल्या मुलीचे कपडे दर आठवड्याला त्याच लाँड्रीत येतात आणि आई चौदा महिने आपल्याच लेकीच्या ब्लाउजांना इस्त्री करते. सासू व्हीलचेअरमध्ये असते, पण तिला चालता येतं. हे आम्हाला माहीत, बंगल्यात कुणाला नाही.

मी दिवसभर खऱ्या व्हीलचेअर ढकलणारी बाई. या मालिकेतल्या हॉस्पिटलमध्ये पेशंट लिपस्टिक लावून बेशुद्ध पडायचे, सलाइनची नळी उशीला चिकटवलेली असायची, आणि डॉक्टर दारातूनच मान हलवून निघून जायचा. आम्ही टेबलावर त्याची भरपूर टर उडवायचो. “हिचा पल्स कुणी घेतला का गं?” “कशाला, गाणं वाजतंय ना.” आणि त्याच भागाला प्रत्येकीनं घरी जाऊन रुमाल भिजवलेला असायचा. मीसुद्धा. थोबाडीत मारायच्या आधी बाई श्वास कसा आत ओढते, एवढ्यावरून मला कळायचं की आता मारणार. शंभरेक शब्द शिकले असेन: आई, लेकरू, क्षमा, नको, निघून जा. कुटुंबात लागतात तेवढेच.

त्या बायका का रडायच्या हे मला उशिरा समजलं. आठातल्या सहाजणींनी आपली मुलं तिकडे आईकडे, बहिणीकडे ठेवून इथे नोकऱ्या केल्या होत्या. आतेनं स्वतःची मुलगी तीन वर्षांची असताना आईकडे सोडली आणि नऊ वर्षं फोन-कार्डावर वाढवली. मुलगी बाराव्या वर्षी इकडे आली, तेव्हा आजीही तिच्याबरोबर आली. त्या आजीला सगळे लोला म्हणायचे. त्यांच्याकडे आजीला लोलाच म्हणतात. एकेकाळी शाळेत शिकवायची, त्यामुळे तिचं इंग्रजी आम्हा सगळ्यांपेक्षा चांगलं. बारीक चणीची, पाय दुखायचे, जीभ नाही. मी कॅसेट परत द्यायला गेले की विचारायची, “आया कशी आहे?” आई कशी, मुलगी कशी, सासू उठली का, असलं काही नाही. फक्त आया. बाकी बायका म्हणायच्या, लोला, आयाचं काय एवढं, तिला आठवड्यातून दोन वाक्यं असतात. लोला म्हणायची, “म्हणूनच विचारते.”

नात आता सतरा वर्षांची होती, कॉलेजला बाहेरगावी निघाली होती. लोलानं ठरवलं, आपलं इथलं काम झालं. मेच्या शेवटच्या शनिवारचं तिचं विमान होतं, कायमचं परत जायचं. मालिकेचा शेवटचा भाग त्याच्या आधीच्या आठवड्यात, शुक्रवारी. “म्हणजे मी आयाचं बघून जाईन,” लोला सगळ्यांना सांगत होती.

आता माझी हुशारी.

डिशवालीच्या गावात मे महिन्यात उत्सव असतो, त्यासाठी ती महिनाभर गेली. जाताना घराची चावी आणि व्हीसीआरची जबाबदारी तिनं मला दिली. कारण बाकी कुणालाही दिली तर ती आधी बघेल. मला भाषा येत नाही, म्हणून मी विश्वासू! शेवटचा भाग खास, तासाभराचा होता. त्यासाठी नवी कॅसेट, आणि नंबर-बिंबर काही नाही, रविवारी आतेकडे सगळ्यांनी एकत्र बघायचा. तोपर्यंत कुणीही बघायचा नाही. मी छातीवर हात ठेवून हो म्हटलं.

शनिवारी सकाळी मी डिशवालीकडे जाऊन कॅसेट काढली. साडेदहाला घरी आले. पावणेअकराला बघायला बसले.

नुसती बघून थांबले असते तरी चाललं असतं. पण बघताना मी एवढी रडले की कॅसेट रिवाइंड होते न होते तोच मिस्टर गॅरेजमधून आत आले. त्यांची चाहूल लागताच मी कॅसेट बाहेर काढली. टेबलावर दुसरी एक कोरी कॅसेट होती, त्याच कंपनीची, तसल्याच कागदी खोक्यातली. कुणाला कळू नये म्हणून मी मालिकेची कॅसेट कोरीच्या खोक्यात सारली आणि कोरी मालिकेच्या खोक्यात. लहानपणी नागपुरात चिंचा लपवायचे तसं. मिस्टरांनी विचारलं, “काय झालं?” मी म्हटलं, “कांदा.” हॉलमध्ये, सोफ्यावर, कांदा.

आता ती कोरी कॅसेट का होती, हेही सांगायला हवं. इथे मेच्या सुरुवातीला आपल्या लोकांनी चौदा एप्रिलच्या जयंतीचा कार्यक्रम केला होता. एप्रिलमध्ये हॉल मिळाला नाही. त्यात वंदना झाली, मुलांची गाणी झाली, आणि ‘शिकलेली बाई आणि तिची जबाबदारी’ या विषयावर मी अडतीस मिनिटं बोलले. मला पंधरा दिली होती. मिस्टरांनी कॅमेऱ्यावर सगळं घेतलं होतं. त्याची कॅसेट करून नागपूरला थोरल्या बहिणीला पाठवायची होती, कारण ती जन्मभर म्हणत आली, तुला चार लोकांत बोलता येत नाही. मिस्टरांनी मला दोनदा सांगितलं की इथली कॅसेट तिकडच्या टीव्हीवर चालत नाही, पद्धत वेगळी आहे. मी म्हटलं, चालवतील.

त्याच दुपारी मुलगी घरी होती. तिला म्हटलं, ते लाल-पिवळं-पांढरं वायरचं जोडून दे. तिनं जोडलं. “आई, यू जस्ट प्रेस रेकॉर्ड, ओके? टेप ब्लँक आहे ना?”

“ब्लँकच आहे,” मी म्हटलं, आणि कोऱ्या कॅसेटच्या खोक्यातून कॅसेट काढून दिली.

चार तासांपूर्वी मीच केलेली अदलाबदल मी साफ विसरले होते. टीव्हीवर मी दिसत होते ना. स्वतःला बघताना माणसाला दुसरं काय आठवणार? नुसतं भाषण घेतलं असतं तर निदान शेवटची वीस मिनिटं वाचली असती. पण मला भाषणाआधीचा परिचयही हवा होता आणि नंतरचे आभारही, कारण आभारात माझं कौतुक होतं. मग वंदनेपासूनच घेतलं. सगळं मिळून तासाला दोन-तीन मिनिटं कमी.

आणि पुढची मजा ऐका. रविवारी निघताना मला अदलाबदल आठवली! मी स्वतःवर खूश झाले. वेळेवर आठवलं म्हणून दोन्ही कॅसेट परत आपापल्या खोक्यात घातल्या, चिवड्याचा डबा घेतला आणि आतेकडे गेले.

लोलाला मधल्या आरामखुर्चीत बसवलं होतं. त्यांच्या परतलेल्या शेवया, भात, तळलेलं काय काय. रुमालांचा डबा टेबलावर आधीच काढून ठेवलेला. आतेनं कॅसेट लावली.

पडद्यावर हॉल आला. पंखा आला. मग कुणीतरी कॅमेऱ्यासमोरून खुर्ची घेऊन गेलं.

“जाहिरात आहे,” एकजण म्हणाली.

मग पांढऱ्या साड्यांतल्या बायकांची रांग दिसली. “चर्चमध्ये आलेत वाटतं,” दुसरी म्हणाली. “सासू इथेच उठणार.” सगळ्या पुढे सरसावल्या. मला कळलं होतं. आतेनं थोडं पुढे पळवलं. मी माइकसमोर उभी राहिले, पदर सारखा केला, चष्मा सारखा केला, ग्लासभर पाणी प्यायले. ते सगळं पाणी मी प्यायलेलं टेप झालं होतं.

“ही तू आहेस,” आते म्हणाली.

“हो.”

“आमच्या मालिकेत तू काय करतेयस?”

मी रिमोटकडे धावले. लोला म्हणाली, “थांब. बोलू दे तिला.” आणि त्या बायकांनी, काय सांगू, अकरा मिनिटं ते भाषण ऐकलं, मराठीतून. कदाचित मालिका मधूनच सुरू होईल या आशेनं असेल. मग आतेनं पळवत पळवत शेवटाला नेलं. आभार झाले, टाळ्या झाल्या, पडद्यावर मुंग्या आल्या, आणि एकदम निळा समुद्र आला, गाणं आलं, नटांची नावं वर सरकू लागली. दोन मिनिटांत तेही संपलं.

कुणी रुमाल घेतला नाही.

मी तेव्हा खरं बोलायला हवं होतं. मी म्हटलं, “माझ्या मिस्टरांनी चुकून केलं असणार.” बिचारे तेव्हा घरी आमचं गवत कापत होते. “मी तर बघितलाही नाही,” हेही म्हटलं, कुणी विचारलं नसताना.

सोमवारी माझी खुर्ची होती. कुणी काढून घेतली नाही. पण मी बसले आणि त्या आपल्या भाषेत बोलू लागल्या. गेलं वर्षभर मी आले की टेबल इंग्रजीत यायचं, हे मला तोवर जाणवलंच नव्हतं. आता जाणवलं. त्या हसून मला भात देत होत्या आणि बोलत एकमेकींशी होत्या. मंगळवारी तेच. मी बोंबलाची चटणी नेली, ती संपली, डबा धुऊन परत मिळाला. धुतलेला डबा एवढा टोचतो हे मला माहीत नव्हतं.

डिशवाली तिकडून शेवटच्या भागाची कॅसेट आणणार होती, पण तिला यायला अजून दोन आठवडे होते. तोवर कुणालाच शेवट कळणार नव्हता. त्या थांबू शकत होत्या. लोला शनिवारी जाणार होती. शेवट बघितलेली पिस्कॅटवेत एकच बाई होती, आणि ती सगळ्यांना सांगून बसली होती की मी बघितलाच नाही.

घरी मिस्टरांना सांगितलं. ते म्हणाले, “म्हणजे मी पुसला, तू बघितला नाहीस. मग रडलीस कशाला? कांदा?” मग थोड्या वेळानं म्हणाले, “अडतीस मिनिटं जबाबदारीवर बोललीस गं तू.”

ते वाक्य मला आवडलं नाही. बुधवारी मी आतेला औषधांच्या खोलीत गाठलं.

“मी बघितला होता,” मी म्हटलं. “शनिवारी सकाळी. आणि पुसलाही मीच. मिस्टरांना पूर्ण मालिकेत फक्त व्हीलचेअर माहीत आहे.”

आते गोळ्या मोजत होती. मोजून संपेपर्यंत तिनं वर पाहिलं नाही. मग म्हणाली, “आम्हाला माहीत होतं.”

“कसं?”

“नावं वर चालली होती तेव्हा तुझ्याच डोळ्यांत पाणी आलं. आम्हाला कुणालाच आलं नाही.” तिनं कपाटाला कुलूप लावलं. “उद्या तीनला घरी ये. तिला सांग. मला नाही, तिला. मी डिशवाली येईपर्यंत थांबेन. नियम आहे.”

गुरुवारी मी गेले. बैठकीत लोलाच्या दोन बॅगा भरून उभ्या होत्या. आते स्वयंपाकघरात गेली आणि मला ऐकू येईल असा नळ सोडला, म्हणजे शेवट तिच्या स्वतःच्या कानावर पडणार नाही. नात आपल्या खोलीत, दार अर्धं उघडं.

“सुरू कर,” लोला म्हणाली.

आता तासाभराचा भाग, शंभर शब्दांची भाषा, आणि मी. सांगून जमेना, म्हणून करून दाखवायला लागले. लोलाचीच खुर्ची मागितली, तिला सोफ्यावर बसवलं, आणि सासू व्हीलचेअरमधून कशी उठली ते दाखवलं. लोला म्हणाली, “पुन्हा उठ. इतकी पटकन नाही उठत, चौदा महिने बसली होती.” मी पुन्हा उठले. आई झाले, उशीला इस्त्री केली, कपड्याच्या आत तान्ह्या बाळाचं नाव विणलेलं सापडलं तशी किंचाळले. मुलगी झाले, दारातून धावत आले, गालिच्याला अडखळले. ते मालिकेत नव्हतं. सासूच्या थोबाडीत मारायला समोर कुणी नव्हतं, तर मी स्वतःच्याच मारली, आणि आवाज नीट आला नाही म्हणून लोलाच्या सांगण्यावरून परत मारली.

हसण्याचा आवाज आला तेव्हा पाहिलं, नात दारात उभी होती. “डू द स्लॅप अगेन,” ती म्हणाली. मी तिसऱ्यांदा मारली. ती येऊन लोलाच्या पायाशी, गालिच्यावर बसली.

“मग?” लोलानं विचारलं. “मुलगी आईबरोबर गेली?”

“गेली. मोठ्या गाडीतून. बंगल्यात.”

“आणि आया?”

मी पाणी मागितलं. आयाला मी शेवटचं पाहिलं होतं ते फाटकापाशी. हातात एक छोटी पेटी. गाडी आत गेली, फाटक लागलं, कॅमेरा गाडीबरोबर आत गेला. पुढे लांबच लांब टेबल, दिवे, सगळे हसताहेत, मग समुद्र, मग नावं. पहिल्यांदा बघताना मी आईसाठी इतकी रडत होते की आया बाहेर राहिली हे मला खुपलंही नव्हतं. आणि मी म्हणे जबाबदारीवर बोलते.

लोला माझ्याकडे बघत होती. नातीचं डोकं तिच्या गुडघ्याला टेकलेलं.

“आया फाटकापाशी होती,” मी म्हटलं. “हातात पेटी. गाडी आत गेली. फाटक लागायला आलं.” इथवर खरं. “तेवढ्यात मुलीनं गाडी थांबवली. उतरली. धावत मागे आली, चप्पल एक राहिली तिकडेच. पेटी तिनं स्वतः उचलली. आयाला आत आणलं. ते मोठं टेबल होतं ना, त्याच्या पहिल्या खुर्चीवर सासू बसायची. तिथं आयाला बसवलं. आईनं स्वतः वाढलं.”

“काय वाढलं?”

हे मला सुचेना. “शेवया,” मी म्हटलं.

“आया काही बोलली?”

“म्हणाली, थंड आहेत.”

लोला हसली. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज आला, मग तिनं रुमाल मागितला. नातीनं आणून दिला. आत नळ बंद झाला. आते दारात आली, हात पुसत. तिनं माझ्या लाल गालाकडे बघितलं. “सोमवारी चटणी आण,” म्हणाली. “आणि यादीत तू शेवटीच राहणार.” हे ती इंग्रजीत म्हणाली.

निघताना मी लोलापुढे वाकले. त्यांच्याकडे मोठ्यांचा हात घेऊन आपल्या कपाळाला लावतात. मीही लावला. तिनं तो हात काढून घेतला नाही, उलट माझा कान धरून जवळ ओढला आणि आतेला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली:

“मनिलाहून माझ्या बहिणीनं मला शेवट महिन्यापूर्वीच फोनवर सांगितला होता, त्यात त्या आयाला कुणी आत बोलावतच नाही. तुझा शेवट मी घेऊन जाते, तिकडे सगळ्यांना हाच सांगेन. भाषण मात्र तुझ्याकडेच राहू दे.”